पेशीची हद्द आणि औषधाचा अंमल

कर्करोगावरील औषध पेशीच्या केंद्रकापर्यंत जाऊन तेथील जनुकद्रव्याचे धागे तोडते आणि त्यामुळे पेशी मरते, अशी एक सुटसुटीत समजूत आपल्याकडील सुशिक्षित वाचकाच्याही मनात घर करून बसलेली आहे. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. केंद्रकाकडे सर्वांचे लक्ष इतके लागून राहिले, की ज्या नाजूक मेदमय पटलाने पेशीला बाहेरच्या जगापासून वेगळे राखले आहे, ज्याला ओलांडल्यावाचून औषधाला आत पाऊल टाकता येत नाही आणि ज्याच्या पृष्ठभागावर पेशीची ओळख नोंदलेली असते, त्या पटलाला वैद्यकाने बरीच वर्षे केवळ वेष्टनाचाच मान दिला. वास्तविक औषधाचा अंमल सुरू झाला की पेशीच्या या हद्दीवर मोठे फेरफार होतात. काही औषधे तर हद्दीवरच काम करतात. लहान मुलांना होणाऱ्या मज्जातंतूंच्या एका अर्बुदात हे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दुसरीकडे दिसत असेल, म्हणून हे प्रकरण त्या अर्बुदासाठी राखून ठेवले आहे.

अपुऱ्या वाढीचा रोग

गर्भ अवघ्या तीन-चार आठवड्यांचा असतो, तेव्हा भावी मेंदू आणि कणा यांच्या जागी एक नलिका तयार होत असते. तिच्या काठावरून काही पेशी सुटतात आणि गर्भाच्या शरीरात दूरदूर प्रवास करतात. त्यांतील काही कण्याच्या दोन्ही अंगांना असलेल्या अनुकंपी चेतासंस्थेच्या गाठींत मुक्काम करतात, तर काही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यात स्थिरावतात. तेथे पोचल्यावर त्यांनी बालपण सोडून प्रौढ चेतापेशी व्हावे, असा निसर्गाचा क्रम आहे. ज्या पेशी हा क्रम पुरा करीत नाहीत, अर्धवट वयातच अडकतात आणि विभागत राहतात, त्यांचे अर्बुद म्हणजे न्यूरोब्लास्टोमा. जर्मन वैद्य रुडॉल्फ फिरखो याने १८६४ साली मुलाच्या पोटातील अशा गाठीचे वर्णन केले, आणि १९१० साली बोस्टनच्या जेम्स होमर राइट याने तिच्यातील पेशींची वर्तुळाकार रचना ओळखून तिला आजचे नाव दिले.

या रोगात सापडणारी मुले बहुतेक पाच वर्षांच्या आतील असतात. सोलापूर शहर असो, अक्कलकोट असो वा मंगळवेढ्याकडील एखादी वस्ती असो, घरात पहिली तक्रार ऐकू येते ती साधीच असते: पोराचे पोट फुगलेय, चालते पोर लंगडायला लागलेय, ताप जात नाही, अंगाला काही लागत नाही. कधी डोळ्यांभोवती काळेनिळे वण उमटतात आणि खेळताना पडले असेल, अशी समजूत करून घेतली जाते. यांतले प्रत्येक लक्षण शंभर साध्या कारणांनी होऊ शकते, म्हणून आईबापांना दोष देण्यात अर्थ नाही. पण कडक न हलणारी गाठ पोटात हाताला लागली, किंवा हाडांच्या दुखण्याने मूल रात्री रडू लागले, तर सोनोग्राफी आणि लघवीची तपासणी लांबणीवर टाकू नये. ही अर्बुदे ॲड्रेनॅलिनच्या कुळातील द्रव्ये तयार करतात, त्यांचे अवशेष लघवीत उतरतात, आणि त्यांचे मोजमाप करता येते.

या रोगाचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. तान्ह्या बाळांतील काही अर्बुदे, यकृतापर्यंत पसरलेली असूनही, औषधावाचून विरून जातात. वर्ष-दीड वर्ष ओलांडलेल्या मुलांतील पुष्कळ अर्बुदे मात्र अस्थिमज्जेत आणि हाडांत पसरून सर्व उपायांना दाद देईनाशी होतात. मायसीएन नावाच्या जनुकाच्या प्रती ज्या अर्बुदात अनेक पटींनी वाढलेल्या असतात, ते विशेष उग्र असते. एकाच कुळातील पेशी एका मुलात स्वतःहून नाहीशा होतात आणि दुसऱ्यात जीव घेतात, याचे उत्तर काही अंशी त्या पेशी वाढीच्या कोणत्या पायरीवर अडकल्या यात आहे. आणि ती पायरी पेशीच्या पटलातील मेदांत वाचता येते.

तूप आणि करडई

पेशीपटल सुमारे पाच नॅनोमीटर जाडीचे, म्हणजे कागदाच्या जाडीच्या सुमारे वीस हजाराव्या भागाइतके असते. लायडेनच्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ साली तांबड्या रक्तपेशींतील मेद काढून पाण्यावर पसरला आणि तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट क्षेत्र व्यापतो असे पाहून, पटल मेदाच्या दोन थरांचे आहे असा निष्कर्ष मांडला. १९७२ साली सिंगर आणि निकोलसन यांनी त्या दुहेरी थराचे स्वरूप द्रवाचे आहे, त्यात प्रथिने तरंगत असतात, आणि मेदाचे रेणू एका जागी खिळून न राहता सतत सरकत असतात, हे चित्र पूर्ण केले.

हा द्रव किती पातळ राहावा, हे मेदाम्लांच्या घडणीवर ठरते. मार्गशीर्षात स्वयंपाकघरातील तुपाचा डबा थिजतो आणि शेजारच्या बरणीतील करडईचे तेल मात्र वाहते राहते, त्याचे जे कारण तेच येथेही आहे. तुपातील बहुतेक मेदाम्ले सरळ सळ्यांसारखी असल्याने एकमेकांना बिलगून बसतात. करडईच्या तेलाचा तीनचतुर्थांशाच्या आसपासचा भाग लिनोलेइक आम्लाचा, आणि त्याच्या अठरा कार्बनांच्या साखळीला दोन ठिकाणी वाक असल्याने ती दाटीत बसत नाही. सोलापूर जिल्ह्याचा करडईशी असलेला संबंध जुना आहे. रब्बीच्या ज्वारीला जनावरांपासून राखण्यासाठी शेताच्या कडेने काटेरी करडई पेरण्याची रीत येथे होती, आणि सोलापूरच्या कृषी संशोधन केंद्राने या पिकाची वाणे तयार करण्यात अनेक वर्षे घालविली आहेत. लिनोलेइक आम्ल मानवी शरीराला स्वतः घडविता येत नाही, ते अन्नातूनच घ्यावे लागते. म्हणून सोलापूरच्या भाजीच्या फोडणीतील ते आम्ल खाणाराच्या पेशीपटलात प्रत्यक्ष जाऊन बसते, असे म्हणण्यात काही अतिशयोक्ती नाही.

पटलाचे दोन थर सारखे नसतात. कोलीनयुक्त मेद बाहेरच्या थरात अधिक, तर फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा मेद जवळजवळ सर्वच्या सर्व आतल्या थरात ठेवलेला असतो, आणि हा बंदोबस्त राखण्यासाठी जिवंत पेशी सतत ऊर्जा खर्च करते. बाहेरच्या थराचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की चेतापेशींत तेथे गँग्लिओसाइड नावाचे मेद विपुल असतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एर्न्स्ट क्लेंक याने १९४० च्या सुमारास मेंदूतून ते वेगळे केले. त्यांचा मेदमय पाय पटलात रुतलेला असतो, आणि शर्करांची साखळी सियालिक आम्लाचे शेंडे घेऊन बाहेर डोकावते. गर्भावस्थेतील चेतापेशींवर या साखळ्या आखूड असतात. पेशी प्रौढ होत जाते तशा त्या लांब व फाटे फुटलेल्या होतात. न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी बालवयातच अडकलेल्या असल्यामुळे त्यांच्या अंगावर जीडी-२ नावाचा आखूड गँग्लिओसाइड दाटीने असतो, तर जीडी-१बी आणि जीटी-१बी यांसारखे प्रगल्भ गँग्लिओसाइड उग्र अर्बुदांत फार थोडे आढळतात. अर्बुदाच्या वयाचा दाखला अशा रीतीने त्याच्या हद्दीवरच मिळतो.

मेद वाचण्याची रीत

हा दाखला कसा वाचतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. पेशींचा गोळा क्लोरोफॉर्म आणि मिथेनॉल यांच्या मिश्रणात घोटला, की प्रथिने बाजूला पडतात आणि मेद द्रावणात उतरतात. त्यातून गँग्लिओसाइड वेगळे करून त्यांचा एक बारीक थेंब सिलिकाचा पांढरा लेप दिलेल्या काचेच्या पट्टीवर खालच्या कडेजवळ ठेवतात आणि पट्टी द्रावकाच्या उथळ पात्रात उभी करतात. द्रावक लेपातून वर चढू लागतो, त्याच्याबरोबर मेदही चढतात; ज्यांची शर्करासाखळी आखूड ते वर जातात, ज्यांच्यावर सियालिक आम्लाचे ओझे अधिक ते खाली रेंगाळतात. पट्टी वाळवून तिच्यावर रिसॉर्सिनॉलचा फवारा मारला आणि तापविले, की आतापर्यंत कोऱ्या दिसणाऱ्या लेपावर एकाखाली एक जांभळे पट्टे उमटतात, आणि कोणता पट्टा गडद, कोणता फिका, यावरून पेशीच्या अंगावर काय होते हे कळते. औषध देण्यापूर्वीच्या आणि दिल्यानंतरच्या पेशींचे थेंब शेजारी शेजारी चढविले, तर औषधाने केलेला फेरफार डोळ्यांनी दिसतो. आज हे काम मास स्पेक्ट्रोमीटर करतो, आणि एकाच नमुन्यातील शेकडो मेद त्यांच्या वजनावरून ओळखून मोजतो.

औषधाने होणारे फेरफार

आता औषधांकडे वळू. या रोगाच्या पहिल्या टप्प्यात वापरली जाणारी औषधे निरनिराळ्या घराण्यांतील आहेत. व्हिन्क्रिस्टिन हे आपल्या अंगणातील सदाफुलीच्या झाडापासून मिळते आणि पेशीच्या विभाजनासाठी लागणाऱ्या सूक्ष्म नळ्या बांधू देत नाही. सिस्प्लॅटिन हे प्लॅटिनमचे संयुग जनुकद्रव्याला गाठी मारते. एटोपोसाइड आणि डॉक्सोरुबिसिन जनुकद्रव्याचे धागे उलगडणाऱ्या विकरांना अडवितात. वाटा वेगळ्या, परंतु मरणपंथाला लागलेल्या पेशीच्या हद्दीवर दिसणारी खूण एकच. मृत्यूचा हुकूम सुटला की फॉस्फॅटिडिलसेरीनला आत राखणारी विकरे तोडली जातात, थरांची सरमिसळ करणारी प्रथिने जागी होतात, आणि आजवर आत लपलेला तो मेद बाहेरच्या थरावर येतो. भक्षक पेशी तो ओळखतात आणि मरू घातलेल्या पेशीला गिळून शरीराचा आसमंत स्वच्छ ठेवतात. औषध लागू पडले की नाही हे प्रयोगशाळेत पाहण्याची एक रूढ कसोटी याच मेदाला चिकटणाऱ्या प्रथिनावर आधारलेली आहे.

डॉक्सोरुबिसिनची कथा तर अधिक उद्बोधक आहे. १९८२ साली ट्रिटन आणि यी या संशोधकांनी हे औषध ॲगरोजच्या मण्यांना पक्के जखडून ल्युकेमियाच्या पेशींपुढे ठेवले. मणी आत शिरू शकत नव्हते, तरीही पेशी मेल्या. केंद्रकापर्यंत न पोचताही औषधाचा अंमल चालू शकतो, हे त्या प्रयोगाने दाखवून दिले. रुग्णाच्या शरीरात औषध आत जातेच, आणि केंद्रकातील त्याचे कार्य कोणी नाकारीत नाही. पण पटल हे त्याच्या कार्यक्षेत्रातील एक ठाणे आहे, ही गोष्ट त्यानंतर दुर्लक्षिता येईना.

पटलाच्या मेदांतून एक संदेशही निघतो. सेरामाइड हा साधा मेद पेशीत साठू लागला की तो मृत्यूची प्रक्रिया चालू करतो. फेनरेटिनाइड हे अ जीवनसत्त्वाच्या कुळातील औषध न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींत या वर्गातील मेद वाढविते असे १९९९ पासूनच्या प्रयोगांत दिसून आले. औषधाला न जुमानणाऱ्या पुष्कळ कर्कपेशी सेरामाइडला एक शर्करेचा रेणू जोडून त्याला निरुपद्रवी करून टाकतात. म्हणजे प्रतिकार आणि शरणागती यांतला फरक कधीकधी एका शर्करेचा असतो.

परंतु सर्वांत मनोज्ञ फेरफार मारणाऱ्या औषधांनी नव्हे, तर पेशीला मोठे करणाऱ्या औषधाने होतो. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये एका चार वर्षांच्या मुलीच्या अस्थिमज्जेतून न्यूरोब्लास्टोमाच्या पेशी काढून वाढविण्यात आल्या, आणि त्यांची एक उपशाखा आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहे. या पेशींना रेटिनोइक आम्ल दिले, तर काही दिवसांत त्यांचे विभाजन मंदावते आणि गोलसर पेशींना लांब बारीक तंतू फुटू लागतात, जणू थांबलेले बालपण पुन्हा पुढे चालू लागले आहे. तंतू फुटायचे तर पटलाचा पृष्ठभाग वाढला पाहिजे. उंदराच्या तशाच पेशींत कोलीनयुक्त मेदांची निर्मिती या वेळी वाढते असे आढळले आहे. त्याबरोबरच गँग्लिओसाइडांचा ढंग पालटतो आणि प्रौढ चेतापेशीचे प्रगल्भ गँग्लिओसाइड वाढू लागतात. ही केवळ प्रयोगशाळेतील शोभा नव्हे. अमेरिकेत ५३९ मुलांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मूळ उपचार संपल्यावर रेटिनोइक आम्लाचे एक रूप, आयसोट्रेटिनॉइन, मिळालेल्या मुलांपैकी ४६ टक्के तीन वर्षांनंतरही रोगमुक्त होती. ज्यांना ते मिळाले नाही त्यांच्यात हे प्रमाण २९ टक्के होते. तारुण्यपीटिकांसाठी त्वचारोगतज्ज्ञ देतात ते हेच औषध असल्यामुळे ते कोणत्याही शहरात मिळते; मात्र या रोगात त्याची मात्रा, काळ आणि देखरेख अगदी वेगळी असते.

जीडी-२ हा मेद मग स्वतःच लक्ष्य झाला. त्याला ओळखणारे प्रतिपिंड बनविण्यात आले; ते पेशीच्या हद्दीवर चिकटते आणि शरीराच्या संरक्षक पेशींना तेथे बोलावते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या २२६ मुलांच्या चाचणीत दोन वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण या उपचाराने ४६ वरून ६६ टक्क्यांवर गेले, आणि डिनुटुक्सिमॅब या नावाने ते २०१५ साली अमेरिकेत मान्यता पावले. वेदना वाहणाऱ्या निरोगी मज्जातंतूंवरही जीडी-२ असल्याने औषध चालू असताना मुलाला तीव्र दुखते आणि मॉर्फिन द्यावे लागते. मेद लक्ष्य म्हणून निवडण्याची ही किंमत मुलाला मोजावी लागते, हे विसरता कामा नये.

करडईच्या संदर्भात सांगितलेली वाकलेली मेदाम्लेही येथे पुन्हा समोर येतात. दुहेरी बंधांमुळे ती ऑक्सिजनच्या माऱ्याला लवकर बळी पडतात. लोहाच्या साहाय्याने पटलातील अशा मेदांचा ऱ्हास होऊन पेशी मरते, त्या प्रकाराला २०१२ साली फेरोप्टोसिस हे नाव मिळाले. अश्वगंधेतील विथाफेरिन-ए हे द्रव्य न्यूरोब्लास्टोमाच्या पेशींना या मार्गाने मारते असे २०१८ साली बेल्जियममधील संशोधकांनी दाखविले, आणि त्यासाठी त्यांना ते द्रव्य अतिसूक्ष्म कणांत भरून उंदरांतील अर्बुदापर्यंत पोचवावे लागले. यावरून घरी अश्वगंधेचे चूर्ण देऊन मुलाचा उपचार करावा असा अर्थ कोणी काढू नये, तसे केल्यास मुलाचा मोलाचा वेळ वाया जाईल.

तालुक्यापर्यंत

या सर्व ज्ञानाचा सोलापूर जिल्ह्यातील मुलाला उपयोग होण्यापूर्वी, ते मूल वैद्यकाच्या नजरेस पडले पाहिजे. या बाबतीत जिल्ह्याच्या पदरी एक अभिमानास्पद परंपरा आहे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधिष्ठित कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावे तिच्या कक्षेत आली. शहरात नोंदणी करणारा रुग्णालयांची दप्तरे तपासून काम भागवू शकतो, खेड्यात रुग्ण दप्तरापर्यंत पोचतच नाही. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांना धोक्याची लक्षणे समजावून दिली, संशयित रुग्णांना तपासणीसाठी बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात येण्यास प्रवृत्त केले आणि मृत्यूच्या नोंदीही तपासल्या. बालकांचा कर्करोग विरळा, त्यात न्यूरोब्लास्टोमा आणखी विरळा. पण विरळ रोग सापडतो तो अशाच चिकाटीच्या शोधातून.

निदान झालेल्या मुलाला पुष्कळदा सुमारे साडेचारशे किलोमीटर दूर मुंबईला न्यावे लागते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघालेले आईबाप सकाळी दादरला उतरतात, परळच्या टाटा रुग्णालयात नाव नोंदवितात, आणि कित्येक जण दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा घेतात. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेमुळे रूढ उपचारांचा भार बराच हलका होतो. जीडी-२ वरील प्रतिपिंडाचा खर्च मात्र सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचा आहे. हद्दीवरील मेदांशी संबंध असलेल्या दोन उपचारांपैकी स्वस्त कॅप्सूल येथे मिळते आणि महाग इंजेक्शन मिळत नाही, हे अंतर विज्ञानाने नव्हे, धोरणाने मिटवावयाचे आहे.

अलीकडच्या एका शोधाने पटलाच्या अभ्यासाचे महत्त्व आणखी वाढविले आहे. काही न्यूरोब्लास्टोमा पेशी आपले रूप पालटतात, जीडी-२ घडविण्यासाठी लागणारे विकर बनविणे कमी करतात, आणि त्यामुळे प्रतिपिंडाला चिकटायला जागाच उरत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात टॅझेमेटोस्टॅट हे औषध दिल्यावर त्या पेशींवर जीडी-२ पुन्हा उमटला आणि प्रतिपिंड पुन्हा काम करू लागले. हे काम अजून पेशींवर आणि उंदरांवरचे आहे. पण एका औषधाने हद्दीवरचा मेद बदलावा आणि त्या बदलावर दुसऱ्या औषधाने काम करावे, अशी उपचारांची जोडी त्यात दिसते, आणि मुलाच्या पटलावर आज काय आहे हे कळल्याशिवाय ती जुळविता येणार नाही.

येथेच आपल्या रुग्णालयांना आज करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. शस्त्रक्रियेत काढलेले अर्बुद रूढ पद्धतीने फॉर्मालिनमध्ये ठेवून, अल्कोहोल आणि झायलीन यांतून काढून मेणात बसवितात. निदानासाठी ही पद्धत उत्तम, पण त्या द्रावकांत पेशींचे बहुतेक मेद धुऊन जातात, आणि ज्या पटलाची येथवर चर्चा केली त्याची नोंद कायमची पुसली जाते. आईबापांची संमती घेऊन अर्बुदाचा हरभऱ्याएवढा तुकडा उणे ८० अंशांवर गोठवून ठेवला, तर औषधापूर्वीचे आणि औषधानंतरचे मेद वर्षांनंतरही मोजता येतात. अशा संग्रहासाठी लागतात एक शीतपेटी, अखंड वीज, आणि प्रत्येक तुकड्याबरोबर मुलाचे वय, दिलेली औषधे व पुढील प्रकृती काटेकोरपणे लिहिणारा माणूस. यांतले सर्वांत दुर्मिळ म्हणजे तो काटेकोर माणूस, आणि तशी माणसे गावोगाव पायपीट करून तयार होतात हे या जिल्ह्याने सिद्ध करून दाखविले आहे. मूल वेळेवर ओळखले जावे, त्याला उपलब्ध औषध पुरे मिळावे, आणि त्याच्या रोगाने पेशीच्या हद्दीवर लिहिलेला मजकूर पुढच्या मुलासाठी जपून ठेवला जावा, या तीन गोष्टी एकत्र झाल्या तरच प्रयोगशाळेतील हे ज्ञान सोलापूरच्या उपयोगाचे झाले असे म्हणता येईल.